वर्तुळात बसण्याआधी

अमेरिकेच्या अ‍ॅपलाचिया या डोंगराळ मुलखातलं ओल्ड-टाइम संगीत वाजवणारी मंडळी श्रोत्यांकडे पाठ करून बसतात. खुर्च्या गोलात मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं आत, मधोमध कुणीच नाही. फिडलवाला धून सुरू करतो, बाकीचे तिच्यात शिरतात, आणि तीच धून पाच-सात मिनिटं, कधी त्याहूनही जास्त वेळ फिरत राहते. ब्लूग्रास या जवळच्या प्रकारात आळीपाळीने एकेकाला मोकळं रान मिळतं आणि बाकीचे मागे सरतात. इथे तसं नाही, सगळे एकदम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संपवायची वेळ आली की फिडलवाला एक पाय उचलतो. ही शेवटची फेरी, एवढाच त्याचा अर्थ. टाळ्या पडल्याच तर दारात पेला घेऊन उभ्या असलेल्या कुणाच्या तरी.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, बँजो शिकतो आहे आणि अशा वर्तुळांत (इथे त्यांना जॅम म्हणतात) जाऊन बसतो. त्या बसण्याचा एकदा मनाशी नीट हिशेब करावा म्हणून हे लिहितो आहे. हौशीचा कसला आलाय हिशेब, असं कुणी म्हणेल. पण पन्नाशीत धरलेल्या हौशीत माणूस बरंच काही दडवतो, असं मला स्वतःवरून वाटतं. विशीतल्या हौशी कशा उघड्यावाघड्या असतात.

आधी वाद्याबद्दल. बँजो म्हटलं की आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतला, कळा दाबून वाजवायचा बेंजो आठवतो. तो जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोच्या कुळातला. मी म्हणतो तो निराळा. लाकडाचं गोल कडं, त्यावर ताणून बसवलेली चामड्याची किंवा हल्ली प्लॅस्टिकची पुडी, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी. ती अंगठ्याने छेडायची आणि ती एकच स्वर देत राहते. सतारीत चिकारी करते ते काम. क्लॉहॅमर पद्धतीत उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळवून तर्जनीच्या नाहीतर मधल्या बोटाच्या नखाने तारेवर वरून खाली मारायचं. हात खाली येतो तेव्हा अंगठा पाचव्या तारेवर टेकतो आणि उठताना ती वाजवून जातो. बोटांनी तार वर खेचायची नाही. गिटार वाजवणाऱ्यांचा हात या गोष्टीला सुरुवातीला साफ नकार देतो. माझा हात कोरा होता, त्यामुळे मोडायची सवयच नव्हती.

हेच वाद्य का? माझं ठरलेलं उत्तर असं, की इथल्या डरम शहरात एका संध्याकाळी रस्त्याकडेला ऐकलं आणि भुललो. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. लहानपणी मी पेटी शिकलो, परीक्षा दिल्या. पाहुणे आले की पेटी बाहेर यायची, 'जरा भूप वाजवून दाखव' व्हायचं, आणि वाजवून झालं की मामा शेजारच्या मुलाचं नाव काढायचे. गाणं म्हणजे समोर कुणीतरी चुका मोजत बसलेलं असणार, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच. बँजोला ती धास्ती नव्हती. माझ्या ओळखीच्या एकाही मराठी माणसाला बरा बँजो आणि वाईट बँजो यांतला फरक कळत नाही. घरच्या मांडवात माझी परीक्षा घेणारं कुणी उरू नये, असं वाद्य मी शोधून काढलं होतं.

आणि मिरवायची हौस? ती तर होतीच. भारतीय माणूस अमेरिकन डोंगराळ मुलखातला बँजो वाजवतो, ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं. ऑफिसात नवं माणूस आलं की मी हा विषय कसा काढतो, याची बायकोने एकदा नक्कल करून दाखवली. आधी हवामान, मग शनिवार-रविवार कसा गेला, आणि त्या बिचाऱ्याने तोंड उघडायच्या आत, 'मी एका जॅमला गेलो होतो.' नक्कल हुबेहूब होती. मुलगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मिरवायला निवडलेलं वाद्य मला अशा ठिकाणी घेऊन गेलं जिथे मिरवायची सोयच नाही. ओल्ड-टाइममध्ये फिडल पुढे, बँजो तिच्या पाठीशी. गिटार बरीच उशिरा आली. त्याआधी कित्येक पिढ्या फिडल आणि बँजो या दोघांवरच नाच झाले. दोघं इतकी एकमेकांत गुंतली पाहिजेत की ऐकणाऱ्याला एकच वाद्य वाटावं. बँजो वेगळा ऐकू येऊ लागला की समजायचं, काहीतरी बिनसलं. सूरही फिडलवाल्याच्या मर्जीने. ए म्हटलं की दुसऱ्या पडद्यावर कापो नावाचा चाप लावायचा आणि आखूड तार दांडीतल्या बारीक खिळ्याखाली अडकवायची. हे खिळे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे असतात. डी म्हटलं की पुन्हा खुंट्या पिळायच्या. त्यामुळे एकदा एक सूर धरला की मंडळी तासन्‌तास तो सोडत नाहीत. बँजोवाल्यांवर केलेली ही एवढीच मेहेरबानी.

मी शिकलो टॅबवरून. टॅबमध्ये पाच रेघा, एकेक रेघ म्हणजे एकेक तार, आणि रेघेवर पडद्याचा आकडा. कान मिटून शिकता येतं. घरी धुनांची यादी वाढत गेली आणि मला वाटलं, आपण तयार झालो. वर्तुळात त्यातलं काहीच कामाला येईना. फिडलवाला जी धून वाजवतो ती त्याने ज्याच्याकडून घेतली त्याच्या वळणाची असते, कागदावरची कुठल्या तिसऱ्याच माणसाची. शिवाय काही धुना वाकड्या. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा असतो, पण वाकडीत मध्येच एखादी मात्रा जास्त किंवा कमी. ती मोजून सापडत नाही, पायाला कळावी लागते.

अनोळखी धून आली तर काय करायचं, हे एका म्हाताऱ्या बँजोवाल्याने मला सांगितलं. डाव्या हाताने तारा दाबून मुक्या करायच्या आणि उजव्या हाताने नुसता ठेका धरायचा. स्वर शोधायचेच नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एखादा स्वर आपण होऊन बोटाखाली येतो, मग दुसरा. मला हे जमत नाही असं मी म्हणत असे. खरं सांगायचं तर हाताला जमत होतं, मनाला नको होतं. मुक्या तारांवर ठेका धरून बसणं मला कमीपणाचं वाटत होतं. मग मी स्वतःची एक चाचणी सुरू केली. धून संपल्यावर मनाला विचारायचं, फिडलवाल्याने दुसऱ्या भागात काय केलं? उत्तर बहुतेकदा येत नसे. पूर्ण वेळ मी माझाच बँजो ऐकत असे. शेजारी बसलेल्या बाईंनी गिटारीवर खालचे स्वर कसे बदलले, कुणी हळूच वेग धरून ठेवला, काही पत्ता नाही. दहा माणसांत बसून मी घरी एकटा वाजवतो तसा वाजवत होतो.

यात मला नवीन काही नव्हतं, हीच खरी गोम. आमच्या गावच्या देवळात एकादशीला भजन असे. नवा माणूस आला की त्याच्या हातात टाळ देऊन त्याला कडेला बसवत. शिकवत कुणी नसे. तो ऐके, हळूच टाळ मिळवी, दोन-तीन वर्षांनी कधीतरी आपण होऊन चाल धरी. हे पाहत मी वाढलो. तरी वर्तुळात बसलो तो पहिल्याच दिवशी चाल म्हणायच्या तयारीने.

माणसं कशी सापडली, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फिडली दुरुस्त करणाऱ्या दुकानात चौकशी केली, तिथल्या माणसाने एका ब्रुअरीच्या मागच्या खोलीचा पत्ता दिला, तिथून एका घराचा ओसरीवजा पोर्च कळला, असं होत गेलं. उन्हाळ्यात फिडलर्स कन्व्हेन्शनं भरतात. व्हर्जिनियातल्या गेलॅक्सचं १९३५ पासून चालू आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपला १९९० पासून लोक तंबू ठोकतात. मंचावर स्पर्धा चालते, पण ज्याला वाजवायचंय तो तंबूंच्या गल्ल्यांतून फिरतो, एखाद्या वर्तुळापाशी उभा राहतो, कुणी मानेने खूण केली की बसतो. आधीच एक बँजो असेल तर विचारल्याशिवाय दुसरा काढत नाहीत. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत आणि मोडले तर कुणी बोलतही नाही, फक्त पुढची धून जरा जास्त वेगाने सुरू होते.

मला मनापासून आवडली ती त्या लोकांची एक रीत. धून वाजवण्याआधी किंवा नंतर ती कुणाची, हे सांगतात. रचली कुणी ते नव्हे, आली कुणाकडून ते. 'ही टॉमी जॅरेलची.' 'ही हेन्री रीडची.' जॅरेल माउंट एअरीजवळच्या टोस्ट नावाच्या वस्तीत राहायचे, राज्याच्या रस्तेखात्यात यंत्र चालवायचे. निवृत्त झाल्यावर देशभरातली पोरं त्यांच्या घरी शिकायला येऊन राहू लागली. १९८५ साली ते गेले. हेन्री रीड व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे. ड्यूक विद्यापीठात शिकणारा अ‍ॅलन जॅबर १९६६-६७ मध्ये त्यांच्याकडे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेला तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. जॅबरने त्या धुना डरम आणि चॅपल हिलमधल्या आपल्या मित्रांत वाजवल्या, त्यांच्या हॉलो रॉक स्ट्रिंग बँडने १९६८ मध्ये तबकडी काढली, आणि एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या धुना देशभर गेल्या. 'ओव्हर द वॉटरफॉल' आज नवशिक्यांना हमखास शिकवतात. ती पसरली ती रीड यांच्याकडून. पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी लोक त्यांचं नाव घेतल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. मीही घेऊ लागलो. नाव घेताना मला बरं वाटे, आपण एका रांगेत उभे आहोत असं वाटे.

मग मी त्या रांगेच्या मागे वाचत गेलो. नावं कुठे संपतात ते दिसू लागलं.

बँजो आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत आला. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग अजून वाजतं. भोपळ्याचं पोट, बकऱ्याचं कातडं, तीन तारा, त्यातली एक आखूड, अंगठ्याची. नखाने वरून खाली मारायचं, म्हणजे मी शिकतो आहे ते. हान्स स्लोन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला वैद्य १६८० च्या दशकात जमैकात गेला होता. तिथल्या गुलामांच्या वाद्यांचं चित्र त्याने १७०७ मध्ये छापलं. १७३९ मधल्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० मध्ये कायदा करून गुलामांना ढोल बाळगायला बंदी केली. त्याच साउथ कॅरोलायनात १७८५-९० च्या सुमारास काढलेलं 'द ओल्ड प्लँटेशन' हे चित्र प्रसिद्ध आहे. काही गुलाम स्त्री-पुरुष नाचताहेत, एकजण बसून भोपळ्याचा बँजो वाजवतो आहे. चित्र कुणी काढलं ते अलीकडे ठरलं: जॉन रोझ, तो स्वतः गुलामांचा मालक होता. बँजो वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. व्हर्जिनियाच्या अ‍ॅपोमॅटॉक्सचा जोएल स्वीनी हा बँजो घेऊन रंगमंचावर गेलेला पहिला प्रसिद्ध गोरा वादक. तो आसपासच्या काळ्या माणसांकडून शिकला. स्वीनीचं नाव पुस्तकात आहे, शिकवणाऱ्यांचं नाही.

पुढचं थोडक्यात. १८४३ पासून न्यू यॉर्कमध्ये तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्यांच्या संचांचे खेळ सुरू झाले. त्यात बँजो हाच काळ्यांची टर उडवायचं हुकमी साधन. १८५५ च्या ब्रिग्जच्या पुस्तकात जी वरून खाली मारायची पद्धत शिकवली आहे ती याच खेळांतली. १९२० च्या दशकात तबकड्या निघू लागल्या तेव्हा कंपन्यांनी काळ्यांसाठी एक यादी आणि डोंगरातल्या गोऱ्यांसाठी दुसरी यादी केली. काळ्यांकडून त्यांना ब्लूज हवं होतं. फिडल-बँजो वाजवणाऱ्या काळ्या मंडळींकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. ज्या वाद्यावर आपली नक्कल झाली ते हातात धरायला पुढच्या पिढीला नको वाटलं, यातही नवल नाही. ते वाद्य गोऱ्या डोंगराळ मुलखाचं, असा सगळ्यांचा समज होऊन बसला. काही धुनांची जुनी नावं आज तोंडातून काढण्यासारखी नाहीत. वर्तुळात ती बदलून घेतात आणि धून तशीच वाजते.

डरमपासून मोटारीने अर्ध्या तासावर मेबन आहे. तिथे जो थॉम्पसन राहायचे, काळे फिडलवाले, २०१२ मध्ये वारले. घराण्यातच फिडल, बँजो वाजवणारा चुलतभाऊ ओडेल. २००५ मध्ये बून इथल्या विद्यापीठात काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली रियॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन ही तरुण मंडळी पुढे जो यांच्या घरी जाऊन शिकत राहिली, त्यांचाच कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा संच झाला, आणि २०११ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. हे सगळं मी झपाटून वाचलं. पुस्तकं विकत घेतली. आणि इथे माझ्या मनाने जी एक चाल खेळली ती जरा नीट मांडली पाहिजे.

डरम शहराचा सुमारे तिसरा हिस्सा काळा आहे. मी बसतो त्या वर्तुळात बहुतेकदा एकही काळा माणूस नसतो. निवृत्त शिक्षक, प्रोफेसर, परिचारिका, संगणकवाले. सगळे सज्जन, सगळ्यांना हा इतिहास पाठ, आणि आपलं वर्तुळ इतकं पांढरं असल्याचं सगळ्यांना मनातून लागतं. मी आत आलो की त्यांचे चेहरे खुलतात. माझ्या वाजवण्याची तारीफ होते ती वाजवण्याच्या मानाने जास्त होते. मला बरेच दिवस वाटलं, किती मोकळ्या मनाची माणसं! आहेतच. पण माझा सावळा रंग त्यांची एक सोय करतो आणि मी त्या सोयीचा फायदा घेतो. माझ्या जागी जो थॉम्पसनच्या गावचा एखादा पोरगा बसलेला असता तर त्याला काय काय आठवून बसावं लागलं असतं! मला काही आठवावं लागत नाही. या इतिहासात माझे हात स्वच्छ. गुलामांचे मालक माझे कुणी नव्हेत, काजळी फासणारे माझे कुणी नव्हेत. दुसऱ्याच्या पापाबद्दल हळहळायला काही लागत नाही. या विषयावर मी गोऱ्या मित्रांपुढे फार छान बोलू लागलो होतो, आणि ते गप्प बसून ऐकत.

एकदा असंच बोलून घरी परतताना मला हलगी आठवली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. लग्न असो, देवाची पालखी असो, मयत असो, कुस्तीचं मैदान असो, हलगी, घुमकं आणि कैताळ घेऊन मांगवाड्यातली माणसं येत. हलगी म्हणजे हातभर कडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. एका हातात आखूड काठी, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी. थंडीपावसात कातडं सैल पडतं म्हणून ते अंगणाच्या कडेला चगळ पेटवून हलगी शेकत बसत, मध्येच टिचकी मारून आवाज बघत. पैलवान भिडले की हलगीची गत चढायची आणि मैदानातल्या माणसांची नाडी तिच्याबरोबर चढायची. मी त्यातल्या एका म्हाताऱ्याकडे टक लावून बघत असे. कधी घाई नाही, कधी चेहऱ्यावर काही नाही, आणि हातातून जे निघे ते ऐकून बसलेला माणूस उठून उभा राही. घरी येऊन मी ताटावर बडवून बघितलं तेव्हा आजोबा रागावले नाहीत. 'ते आपलं काम नव्हं,' एवढंच शांतपणे म्हणाले, आणि पेटीचे मास्तर ठरवले.

आम्ही सवर्ण. ती माणसं ओट्याखाली उभी राहून वाजवायची, लग्नात शेवटच्या पंगतीनंतर मांडवाबाहेर जेवायची, धान्य किंवा पैसे घेऊन जायची. एकादशीच्या भजनाचं कौतुक मी वर केलं. त्या भजनात टाळ घेऊन ती कडेलाही बसलेली मला आठवत नाहीत. आमच्या घरापासून त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. अमेरिकेत वाजवणारी माणसं शोधायला मी दीड-दोन तास गाडी हाकत जातो.

इथे स्वतःला फटके मारून घेणं सोपं आहे आणि त्यातही एक चवदार मिजास असते, म्हणून ते टाळतो. दहा वर्षांच्या मुलाने गावरीत मोडायला हवी होती असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न नंतरच्या चाळीस वर्षांबद्दल आहे. मी शिकलो, वाचलं, परदेशात आलो, तरी माझ्या मनात संगीत म्हटल्यावर पेटी आली, नाट्यगीत आलं, भीमसेन आले, आणि शेवटी अ‍ॅपलाचियाचा बँजो आला. हलगी संगीताच्या खात्यात कधी आलीच नाही. ती लग्नाच्या खर्चात यायची.

याला उलटी बाजूही आहे. हलगी मला आता आवडते म्हणून त्या घरातल्या पोरांनी ती वाजवत राहावी, अशी अपेक्षा धरणारा मी कोण? परक्याच्या दारात उभं राहून वाजवायचं नाही, असं ठरवलेली कित्येक घरं आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. काळ्या पोरांनी बँजो ठेवून दिला तेव्हा तेही बरोबरच होतं. कोल्हापूर-सांगलीकडे हलगीचे संच आज दिमाखात वाजवतात, सुपारी घेतात, मोबदला ठरवतात, तेही उत्तम. पुण्याच्या ढोलपथकात इंजिनिअर मुलं-मुली कमरेला ढोल बांधतात तेव्हा आईबाप फोटो काढतात. ज्याच्या वाट्याला ते कातडं जन्माने आलं त्याला मात्र आपण वाजंत्री म्हणतो. उद्या मी हलगी शिकायला गेलो तर मीही त्या फोटोतलाच. आणि अमेरिकेत बसून गावच्या हलगीची चिंता वाहणं म्हणजे तर शुद्ध उंटावरून शेळ्या हाकणं.

मग उरतं काय? बँजो मी सोडणार नाही. सोडला तर माझं मन हलकं होईल, बाकी कुणाचं काही होणार नाही. वर्तुळात मुक्या तारांवर ठेका धरून बसायला आता मला लाज वाटत नाही. ऑफिसात विषय निघाला नाही तर मी काढत नाही. निघालाच तर गुलामगिरीवर प्रवचन देण्याआधी मनात आमचा ओटा आणतो, मग आवाज आपोआप खाली येतो. मोठा बदल म्हणावा असं यात काही नाही.

एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी होती. धून कुणाकडून आली ते सांगायची रीत मी परक्यांत शिकलो, तर माझ्या कानावर पहिला ठेका ज्याने घातला त्याचं नाव मला ठाऊक हवं. मी चुलतभावाला फोन लावला. मैदानात हलगी वाजवायचे ते म्हातारे, त्यांचं नाव काय होतं?

'त्यो व्हय? त्यो मांगवाड्यातला म्हातारा,' तो म्हणाला. 'नाव काय की बाबा. कशाला पायजे?'

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या त्या वस्तीलाही आता दुसरं नाव आहे, पाटीवर. भावाच्या तोंडात जुनंच आलं, आणि खरं सांगायचं तर हे लिहिताना माझ्याही लेखणीतून वर तेच उतरलं. मी ते खोडलेलं नाही.

त्याला म्हटलं, चौकशी कर. त्याने टाळाटाळ केली, मग एके दिवशी जाऊन आला. म्हातारे वारून बरीच वर्षं झाली. नातू जिल्ह्याच्या गावी नोकरी करतो, हलगी वाजवत नाही. त्याने आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं आणि भावाला विचारलं, तुम्हाला कशाला हवंय? भावाला उत्तर देता आलं नाही, त्याने माझा नंबर दिला. नातवाचा फोन अजून आलेला नाही. नाव माझ्याकडे आहे. ते इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी अजून विचारलेलं नाही.